ओल्या जमिनींत पीक तहानलेलें कां राहतें?

आमच्या शिरोळ तालुक्यांतील खोल काळ्या जमिनींत एक गोष्ट पुष्कळांनीं पाहिली असेल. उंसाच्या सरींत पाऊल टाकलें तर घोट्यापर्यंत रुततें, माती मुठींत दाबली तर बोटांमधून पाणी सुटतें, आणि तरीहि दुपारच्या वेळीं त्याच सरींतला ऊंस पानें गुंडाळून उभा असतो. मालकास वाटतें, उन्हाचा ताण पडला, एक फेर अधिक द्यावा. तो देतो. पुढच्या वर्षीं वरंब्याच्या माथ्यावर पांढरें फूल येतें. आणखी दोन-तीन वर्षांनीं त्या तुकड्यांत लागण उगवेनाशी होते आणि सात-बाराच्या उताऱ्यावर पिकाच्या रकान्यांत "पड" असा शब्द चढतो. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां हा शब्द मीं किती वेळां उतरून काढला याची गणती नाहीं. परंतु पाणी दिल्यानें पीक तहानेनें कां मरावें, हें मात्र तेव्हां मला ठाऊक नव्हतें. पुढें निवृत्तीनंतर थोडें वाचन घडलें, कांहीं जाणत्यांस विचारलें, तेव्हां समजलें कीं, या प्रश्नाचें उत्तर मुळाच्या पेशीभोवतीं असलेल्या एका अतिशय पातळ पडद्यांत आहे. तो पडदा कोणास आंत घेतो, कोणास अडवितो व कोणत्या खर्चानें, हें कळलें म्हणजे क्षारपड जमिनीची बरीचशी हकीकत आपोआप कळते.

आपला साधारण समज असा असतो कीं, मूळ म्हणजे समईंतली वात. वात जशी तेल ओढते, तसें मूळ भोवतालचें पाणी ओढतें, आणि त्या पाण्यांत जें कांहीं विरघळलेलें असेल तें सगळें झाडांत जातें. हा समज खरा नाहीं. त्याची खात्री घरच्या घरीं करून घेतां येते. एका बटाट्याच्या सारख्या जाडीच्या चकत्या कापाव्या. कांहीं साध्या पाण्यांत व कांहीं दोन-तीन चमचे मीठ घातलेल्या पेलाभर पाण्यांत ठेवाव्या. तासा-दोन तासांनीं पाहिल्यास साध्या पाण्यांतील चकती ताठ व कडक झालेली दिसेल. मिठाच्या पाण्यांतील चकती लवचिक, चामड्यासारखी मऊ पडलेली दिसेल. दोन्ही चकत्या पाण्यांतच होत्या. एकीनें पाणी घेतलें, दुसरीनें आपल्या आंतलें पाणी गमावलें. काकडीच्या कोशिंबिरीस मीठ लावून ठेविलें कीं पाणी सुटतें, कैरीच्या फोडींना मीठ चोळलें कीं खार सुटतो, हा सर्व तोच प्रकार होय. आपल्या गृहिणी तो नित्य पाहतात. आपण शेतांत तो ओळखत नाहीं एवढेंच.

दुसरा प्रयोग बिटाच्या कंदाचा. बिटाचे काप करून स्वच्छ धुवावे, व कांहीं थंड पाण्यांत आणि कांहीं उकळत्या पाण्यांत टाकावे. थंड पाण्यास रंग जेमतेम लागतो. उकळतें पाणी पाहतां पाहतां लालभडक होतें. रंग दोन्ही कापांत सारखाच होता. जोंवर पेशी जिवंत आहे, तोंवर तिचे पडदे तो रंग आंत कोंडून ठेवितात. उष्णतेनें ते फाटले कीं कोणी अडविणारा उरत नाहीं. यावरून दिसेल कीं, हा पडदा म्हणजे नुसती साल नव्हे. तो जिवंत पेशीचा जागता पहारा आहे. शास्त्रांत यास पेशीपटल म्हणतात. तो मुख्यतः स्निग्ध द्रव्याच्या दोन थरांचा असून त्यांत ठिकठिकाणीं प्रथिनें रोंवलेलीं असतात. जाडी म्हणाल तर असे एक लाख पडदे एकावर एक रचले तरी ते १ मिलिमीटर भरणार नाहींत.

पाणी पडद्यांतून कोणत्या बाजूस जातें, याचा शोध जुना आहे. फ्रान्समधील नोले नांवाच्या धर्मगुरूनें सन १७४८ मध्यें मद्यार्कानें भरलेल्या भांड्याच्या तोंडावर डुकराच्या मूत्राशयाचें कातडें ताणून बांधलें व तें भांडें पाण्यांत बुडविलें. बाहेरचें पाणी कातड्यांतून आंत शिरूं लागलें आणि कातडें फुगून वर आलें. पुढें सन १८७७ मध्यें विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें मातीच्या सच्छिद्र भांड्यांत कृत्रिम पडदा तयार करून या ओढीचें मोजमाप केलें. शंभर भाग पाण्यांत एक भाग साखर, इतक्या हलक्या पाकाची ओढ वातावरणाच्या दाबाच्या सुमारें दोन-तृतीयांश भरली. म्हणजे साधारण ७ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरण्याइतकी! नियम असा कीं, पडदा मध्यें असतां पाणी पातळ द्रावाकडून दाट द्रावाकडे जातें. यासच परासरण म्हणतात. मुळाच्या पेशींत साखर, पोटॅश व अन्य द्रव्यें साठविलेलीं असतात, शिवाय पानांतून बाष्प उडत असल्यानें वरूनहि ओढ लागलेली असते; त्यामुळें मातींतील पातळ पाणी मुळांत येतें. जमिनींतील पाणी पातळ असेल तोंवर हा व्यवहार सुरळीत चालतो.

परंतु स्निग्ध पडद्यांतून पाणी इतक्या त्वरेनें जातें कसें, ही अडचण शास्त्रज्ञांस पुष्कळ वर्षें छळीत होती. तेल आणि पाणी यांचें सख्य नाहीं हें आपण जाणतोंच. सन १९९२ मध्यें अमेरिकेंतील पीटर ॲग्रे यांच्या प्रयोगशाळेंत त्याचा उलगडा झाला. बेडकाच्या अंड्यास साधें पाणी सहसा फुगवीत नाहीं. त्या अंड्यांत एका विशिष्ट प्रथिनाचा नमुना घालून तें प्रथिन अंड्याच्या पडद्यांत तयार होऊं दिलें, आणि मग अंडें पाण्यांत सोडलें, तेव्हां तें झरझर फुगून फुटलें. तें प्रथिन म्हणजे पाण्याची नळी होती. अशी एक नळी एका सेकंदांत अब्जावधी जलकण जाऊं देते, मात्र क्षाराचा एक कणहि सोडीत नाहीं. या शोधाबद्दल ॲग्रे यांस आणि क्षारकणांच्या नळ्यांची रचना उलगडणारे रॉडरिक मॅकिनन यांस सन २००३ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. वनस्पतींच्या मुळांतहि अशाच जलनळ्या आहेत, आणि महत्त्वाची गोष्ट ही कीं, त्या उघडतां-मिटतां येतात. पुराच्या प्रकरणीं हें पुन्हां सांगावें लागेल.

खतांतील द्रव्यांचें याहून निराळें आहे. पोटॅश, नत्र, स्फुरद हीं पाण्यांत विरघळलीं म्हणजे त्यांचे विद्युत्भार असलेले कण होतात. असा कण स्निग्ध पडद्यांतून जाऊं शकत नाहीं. त्याला त्याच्या नांवाचें दार लागतें. शिवाय पेशीच्या आंत पोटॅश मातींतील पाण्यापेक्षां शंभर पटींहून अधिक असूं शकतें. कमी असलेल्या ठिकाणाहून जास्त असलेल्या ठिकाणीं नेणें म्हणजे चढावर पाणी नेणें होय. त्यास पंप पाहिजे. मुळाच्या पेशीच्या पडद्यांत असे पंप आहेत. ते आंतील आम्लकण बाहेर लोटतात, त्यायोगें पडद्याच्या दोन बाजूंत विद्युत्दाब उत्पन्न होतो, आणि त्या दाबाच्या बळावर पोटॅश व नत्र आंत ओढलें जातें. पंपास लागणारी शक्ति मुळाच्या श्वसनांतून येते, व श्वसनास मातींतील हवा लागते. नदीवरच्या उपशाचा पंप वीज गेली कीं जसा थांबतो, तसा हवा संपली कीं मुळाचा पंप थांबतो. खताचें पोतें कितीहि भारी असो.

एखादा वाचक शंका घेईल कीं, पेशींच्या मधल्या फटींतून पाणी व क्षार परभारें आंत कां जाणार नाहींत? कांहीं अंतर ते जातातहि. परंतु मुळाच्या गाभ्याभोवतीं पेशींचा एक वेढा आहे, व त्या पेशींच्या भिंतींत बुचासारख्या जलरोधक द्रव्याचा पट्टा बसविलेला आहे. तेथें फटींची वाट बंद होते. पूर्वीं नगरपालिकांच्या हद्दीवर जकातनाके असत. माल आडवाटेनें कितीहि आणला तरी गांवांत शिरतांना नाक्यावरून जावेंच लागे. तसें येथें प्रत्येक कणास कोठें ना कोठें जिवंत पडदा ओलांडावाच लागतो. जुन्या नाक्यांवर चुकारी होत असे हें खरें. मुळाच्या नाक्यावरहि ती होते, आणि चुकार म्हणजे सोडियम.

आतां क्षारपड शेताकडे वळूं. माती परीक्षणाच्या कागदावर विद्युत्वाहकता, म्हणजे ज्यास आपण ईसी म्हणतों, तो आंकडा असतो. मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता ४ डेसिसायमन दर मीटर याहून अधिक झाली म्हणजे ती जमीन क्षारयुक्त धरतात. या आंकड्यास ०.३६ नें गुणिलें असतां त्या पाण्याची परासरणाची ओढ सुमारें किती वातावरणदाब आहे तें निघतें. समजा, आंकडा ८ आहे. ओढ झाली जवळजवळ २.९. हें चिखलासारख्या भिजलेल्या मातीचें झालें. पाणी निथळून व उडून निम्में राहिलें कीं क्षार तितकाच राहून पाणी दुप्पट खारें होतें, व ओढ ५.८ च्या आसपास जाते; आणखी निम्में झालें कीं साडेअकरा. साधारण पिकें पुनः न उठण्याइतकीं कोमेजतात ती मर्यादा १५ वातावरणदाबांच्या सुमारास मानितात. चांगल्या, बिनखारी मातींत वाफसा असतांना पाणी सोडवून घेण्यास एक-तृतीयांश वातावरणदाबाइतकी ओढ पुरते. म्हणजे हातास जी माती ओली लागते, ती मुळास कोरडी लागत असते. बटाट्याची मऊ पडलेली चकती ती हीच.

उंसाचें पीक या बाबतींत नाजुक आहे. संपृक्त अर्काची वाहकता १.७ च्या पुढें गेली कीं त्याचें उत्पन्न घटूं लागतें आणि पुढील प्रत्येक अंशास सुमारें ६ टक्के कमी होत जातें. ५ वर सुमारें एक-पंचमांश, १० वर जवळजवळ निम्मा ऊंस गेला असें समजावें. गहूं ६ पर्यंत, ज्वारी सुमारें ६.८ पर्यंत, आणि कापूस ७.७ पर्यंत दम धरतो. घेवड्यासारखें पीक १ लाच मागें सरतें. येथें एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. आपल्याकडील पुष्कळ प्रयोगशाळा एक भाग माती व अडीच भाग पाणी मिसळून वाहकता काढितात. तो आंकडा पाणी जास्त असल्यामुळें बराच लहान येतो. तो वाचून "माझी तर दीडच आहे" म्हणून निश्चिंत झालेले गृहस्थ मीं पाहिले आहेत. आंकडा कोणत्या रीतीनें काढला हें विचारल्यावांचून वरील प्रमाणांशीं ताडून पाहूं नये.

पाण्याची ओढाताण ही पहिली हानि. दुसरी हानि सोडियमची. सोडियमचा कण पोटॅशच्या कणाशीं बराच मिळताजुळता असल्यानें कांहीं दारांतून तो पोटॅशच्या नांवावर आंत शिरतो. पेशी त्याला पुनः बाहेर लोटते, किंवा पेशीच्या पोटांतील रसाच्या कोठींत कोंडते. पण दोहोंसहि शक्ति लागते, म्हणजे साखर जळते. जी साखर कांड्यांत भरावयाची ती अशी पहाऱ्यावर खर्च होते. पहारा अपुरा पडला कीं सोडियम पानांत जाऊन सांचतो, व जुनीं पानें शेंड्याकडून करपत येतात. पडद्यास आपली निवड नीट करतां यावी म्हणून बाहेरच्या पाण्यांत कॅल्शियम पुरेसें असावें लागतें. तें कमी पडलें तर पडदा गळका होतो व सोडियमची चुकारी वाढते. चोपण जमिनीस जिप्सम देतात तें एवढ्याचसाठीं नव्हे. मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम हुसकून तेथें कॅल्शियम बसविणें हा त्याचा मुख्य उद्देश. पण मुळाच्या पडद्यासहि त्याचा लाभ होतो. मात्र हुसकलेला सोडियम शेताबाहेर जाण्यास वाट नसेल तर जिप्समचा खर्च बहुतेक पाण्यांतच गेला असें म्हणावें लागेल.

आतां पुराची गोष्ट. श्रावणांत कृष्णा-पंचगंगेचें पाणी चढून देवळाच्या उत्तरद्वारानें आंत येतें व पादुकांवरून वाहून दक्षिणद्वारानें बाहेर पडतें, तेव्हां त्या स्नानासाठीं आमच्या वाडींत गांवोगांवचे लोक येतात. तेंच पाणी सन २००५, २०१९ व २०२१ सालीं मर्यादा सोडून शिवारांत पसरलें. सन २०१९ च्या पुरानंतर पंचनाम्याच्या कामीं फिरत असतां एका बांधावर एक वृद्ध शेतकरी मला म्हणाले, "भाऊसाहेब, पान्यात हुभं ऱ्हाऊन पान्यावाचून मेलंय बघा." त्यांच्या सोयाबीनचे शेंडे पाण्यावर होते, पण पानें उन्हांत टाकल्यासारखीं लोंबलीं होतीं. मीं कागदावर नमुन्याप्रमाणें "पाण्यानें कुजलें" असें लिहिलें. वस्तुतः त्या गृहस्थांचें म्हणणें माझ्या लिहिण्यापेक्षां शास्त्रास अधिक धरून होतें.

कारण असें. प्राणवायु हवेंत जितका लवकर पसरतो त्याच्या सुमारें दहा हजारावा भाग वेगानें तो पाण्यांत पसरतो. शेत बुडालें कीं मातींतला शिल्लक प्राणवायु मुळें व जंतु थोड्याच काळांत संपवितात. श्वसन बंद पडतें, पंप थांबतात, आणि पेशीच्या आंत आम्लता वाढते. ही आम्लता वाढतांच पडद्यांतील जलनळ्या मिटतात, असें सन २००३ मध्यें फ्रान्समधील संशोधकांनीं मोहरीच्या कुळांतील एका लहान रोपावर दाखवून दिलें. दारें मिटलीं, बाहेर पाण्याचा समुद्र आणि आंत पान कोरडें! भाताच्या मुळांत हवेच्या पोकळ वाटा असल्यानें त्यास हें संकट तितकें बाधत नाहीं. ऊंसहि पाण्यावरच्या कांड्यांना मुळें फोडून कांहीं दिवस निभावतो. मात्र शेंडा बुडून पोंग्यांत गाळ बसला कीं आशा सोडावी. पूर ओसरतांच पहिलें काम खत टाकण्याचें नसून चर मोकळे करून हवा आंत जाऊं देण्याचें आहे. ज्याचे पंप बंद आहेत त्या मुळास खत देणें म्हणजे बाहेर आणखी क्षार वाढविणें होय. वाफसा आल्यावर, नवीं पांढरीं मुळें दिसूं लागल्यावर नत्र द्यावें.

कोवळ्या रोपाच्या बुडाशीं युरियाची मूठ टाकल्यानें रोप जळतें, त्यांतहि मुख्यतः परासरणाचाच प्रकार आहे; त्यावर अधिक लिहीत नाहीं.

राहिला उपायाचा विचार. पाणी भरून क्षार धुवावा ही कल्पना बरोबर आहे, पण धुतलेलें पाणी जाणार कोठें, हा प्रश्न आधीं सोडविला पाहिजे. भूजल जमिनीच्या वर चढून आलेलें असेल, तर दिलेला प्रत्येक जादा फेर त्याला आणखी वर आणतो. वरचें पाणी उडून जातें व क्षार मुळांच्या थरांत राहतो. नदीकांठच्या मळीच्या जमिनी, जेथें आमचीं कृष्णाकांठचीं वांगीं पिकतात, सहसा क्षारपड होत नाहींत, कारण त्यांचा निचरा नदीकडे होतो. मागील सपाट काळी जमीन मात्र बशीसारखी पाणी धरून बसते. हें आपल्याच नशिबीं आलें असें नाहीं. नीरेच्या डाव्या कालव्याखालीं बारामतीकडे हाच प्रकार शंभर वर्षांपूर्वीं घडला होता, व डॉ. हॅरोल्ड मॅन आणि तम्हाणे यांनीं नीरा खोऱ्यांतील क्षार जमिनींवर सन १९१० मध्यें आपला अभ्यास प्रसिद्ध केला होता. तो इशारा मिळूनहि आपण पन्नास-साठ वर्षांनीं तीच वाट धरली.

सच्छिद्र नळ्या जमिनीखालीं ठराविक खोलीवर व अंतरावर उतारानें घालून पाणी मुख्य नळांत व तेथून ओढ्यांत काढणें, हा आतां अनुभवानें पटलेला मार्ग आहे. शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्यानें पुढाकार घेऊन या तालुक्यांत अशीं कामें शेतकऱ्यांकडून एकत्रितपणें करविलीं आहेत. ज्यांस शंका असेल त्यांनीं तीं शेतें जाऊन पाहावीं. एकट्याच्या एकरभर तुकड्यांत हें होत नाहीं. नळास वाट शेजाऱ्याच्या बांधाखालून काढावी लागते, आणि खालचा ओढा बुजलेला असेल तर वरच्याचा खर्च फुकट. माझ्या नोकरींत मीं बांधाच्या वीत-वीत जागेवरून झालेले दावे पाहिले आहेत. तेच लोक नळासाठीं एकत्र बसल्याचें पाहून मला नवल वाटलें.

निचरा झाल्यावर मग धैंचा गाडावा, परीक्षणानुसार जिप्सम पावसाळ्यापूर्वीं द्यावें, आणि पहिलीं पिकें क्षार सोसणारीं घ्यावीं. उंसाचाच आग्रह असेल तर फुले २६५ सारखें वाण पाहावें. ठिबक असल्यास क्षार ओलाव्याच्या कडेला ढकलला जातो व मुळांजवळचें पाणी पातळ राहतें, हा मोठा लाभ. मात्र हलका वळीव पडला कीं कडेचा क्षार पुनः मुळांकडे येतो. अशा वेळीं पाऊस पडतो म्हणून ठिबक बंद न करतां चालूच ठेवावें. नळांतून निघणारें पाणी पहिल्या वर्षीं जिभेस स्पष्ट खारट लागतें. त्याची वाहकता दर महिन्यास मोजून वहींत लिहून ठेवावी, आणि उन्हाळ्यांत पाण्याची कितीहि टंचाई असली तरी तें पाणी उचलून दुसऱ्या शेतास देऊं नये.